लैलाची तपासणी

भिलाईत सेक्टर दहामध्ये कुणी चहाला बोलावलं तर आधी विचारून घ्यावं, ‘लैला आहे का?’ असली तर पोट बिघडल्याचं सांगावं.

मुलं पुण्या-बंगळुरूला गेली की प्लांटमधले रिटायर्ड काका हॉलमध्ये मोठाले स्पीकर आणून ठेवतात. बाकीच्यांचं लता-रफीवर भागतं. या काकांना एरिक क्लॅप्टनची ‘लैला’ लागते, तीही दोनदा. एक १९७०ची, डेरेक अँड द डॉमिनोजची. दुसरी १९९२ची, ‘अनप्लग्ड’, खुर्चीत बसून साध्या गिटारवर संथपणे गायलेली.

काका रेल मिलच्या इन्स्पेक्शनमध्ये होते. रुळाच्या पोटातली, डोळ्यांना न दिसणारी भेग हुडकायची, ही नोकरी. त्यामुळे गाणं सुरू होतं आणि सातव्या सेकंदाला थांबतं. ‘ऐकलंत?’ आपण मुंडी हलवतो. ‘ड्युएन ऑलमनची स्लाइड गिटार! ब्याण्णवच्यात कुठाय?’ ऑलमन १९७१मध्येच मोटरसायकलच्या अपघातात गेला, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण गैरहजर तो गैरहजर.

खरा आक्षेप वेगळाच. सत्तर साली क्लॅप्टन मित्राच्या, म्हणजे जॉर्ज हॅरिसनच्या बायकोसाठी झुरत होता (हे काका जरा खालच्या आवाजात सांगतात), म्हणून निजामीच्या काव्यातली लैला त्याला आठवली. १९७९मध्ये त्याच पॅटी बॉइडशी त्याचं लग्न झालं, आणि ऐंशीचं दशक संपेस्तोवर काडीमोडही. ‘मग ब्याण्णवमध्ये हा कुणासाठी गाऊन राहिला? कळ नाही, तळमळ नाही. रिजेक्ट!’

‘लग्न झाल्यावर माणसाचा आवाज खाली येतोच,’ काकू स्वयंपाकघरातून म्हणतात. त्यांना ब्याण्णवची आवडते. पोळ्या लाटताना बरी पडते.

या ‘रिजेक्ट’ मालाला १९९३मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं, तेही ‘निर्वाणा’ बँडला मागे टाकून. काकांचं उत्तर तयार असतं: ‘कमिटीत ओळख असेल.’ पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात काढलेल्या माणसाला याहून सरळ कारण सुचत नाही.

एकदा मंडळाच्या गणपतीत काकांनी साउंड सिस्टिम मागून घेतली. सत्तरची लैला सात मिनिटांची. साधारण तीन मिनिटांनी गिटारांचा गदारोळ ओसरतो आणि पियानो सुरू होतो. काकांनी डोळे मिटले. गाणं संपलं समजून सेक्रेटरींनी माइक घेतला आणि सगळ्यांना आरतीला उभं केलं. ताम्हण फिरलं, टाळ्या पडल्या, मागे जिम गॉर्डनचा पियानो चालूच. काकूंच्या मते इतकी सुरात आरती त्याआधी झाली नव्हती. काका मात्र प्रसाद न घेताच घरी गेले.

पुढच्या वर्षी कार्यकारिणीनं त्यांच्याकडे फक्त खुर्च्या उतरवून घ्यायचं काम सोपवलं. मंडपवाल्याचा टेम्पो आला तेव्हा काका हातात खडू घेऊन फाटकात उभे होते.