आवाज गेला ना बापा!

सिनेमा बघायला शिकून आलेल्या माणसाचं घरात दोन दिवस कौतुक होतं. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातला रिमोट काढून घेतात. सतीश बहादूर, पी. के. नायर अशा सिनेमा शिकवणाऱ्या मंडळींनी पुण्यात बसून रसास्वादाची जी साथ पसरवली, ती माझ्यामार्फत आमच्या गावापर्यंत, बपेऱ्यापर्यंत आली. पुढे मध्य प्रदेश लागतो. तिकडे मी गेलो नाही, बालाघाटवाले वाचले.

घरच्यांना पहिला धडा दिला तो संकलनाचा. कुलेशॉव्ह नावाच्या रशियन माणसानं एका नटाचा एकच कोरा चेहरा घेतला. त्याला कधी सुपाची वाटी जोडली, कधी शवपेटी. लोक म्हणाले, वा, काय अभिनय आहे! घरातल्या वडीलधाऱ्या मोठेबाबांनी खर्रा गालात सरकवला. ‘‘आपल्या बाईच्या लग्नात व्हिडिओवाल्यानं माहा एकच फोटो तीन जागी टाकला. वरातीत, पंगतीत आन् बिदाईत. बिदाईवाला पाहून समदे म्हनत, बुढा लय रडला.’’

रशियाला जायची गरजच नव्हती.

मग चौकटीत काय काय दिसतं ते बघायला शिकवलं : वस्तू, कपडे, जागा, उजेड. हे घरातल्या मोठीमायनं फारच मनावर घेतलं. मराठी सिनेमातलं गाव म्हणजे ऊस, फेटा आणि पाटलाचा वाडा. धानाची बांधी शोधून सापडत नाही, हे तिनं आधीच हेरलं होतं. चुकून एका सिनेमात रोवणी निघाली, तर नायिकेनं पऱ्ह्याची पेंडी कोथिंबिरीच्या जुडीसारखी धरलेली. ‘‘इचे पाय पाय ना,’’ मोठीमाय म्हणाली, ‘‘चिखलात उभी हाय आन् पैंजन चमकते!’’ पुढची गोष्ट तिनं पाहिलीच नाही. तिच्या लेखी सिनेमा तिथेच पडला.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) मात्र तिनं हूं की चूं न करता पाहिला. गावासमोर डुक्कर धरायची धावाधाव चालू असते, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि नायक जब्याचं घरदार जागच्या जागी उभं राहतं. ध्वनी, अवकाश, सत्ता असं बरंच मी बोलणार होतो. मोठेबाबांनी विचारलं, ‘‘डुकराले कोनं सांगतलं का, उभा राय म्हनून?’’ मी माझी वही मिटली.

आता राहिला ‘सैराट’ (२०१६). त्याचा शेवट आठवा : आई-बाप मारले गेलेत, लेकरू दारात येतं आणि तिथून पुढे सिनेमातून आवाजच काढून घेतलेला. अजय-अतुलनी ज्याच्यासाठी थेट हॉलिवूडच्या वादकांना बसवलं, त्याच सिनेमात शेवटी चिटपाखरू नाही. मी श्वास रोखून घरच्यांचे चेहरे बघत होतो. पण आमच्याकडची मंडळी झाडीपट्टीच्या नाटकांवर वाढलेली. रात्री दहाला पडदा उघडतो, नाटक उजाडेपर्यंत चालतं, आणि माईक गेला की अख्खा मांडव ओरडतो. मोठेबाबा ओरडले, ‘‘आवाज गेला ना बापा!’’ एकानं टीव्हीच्या डब्यावर थापट मारली, दुसऱ्यानं वायर हलवली. पुतण्यानं रिमोट धरून आवाज शंभरावर नेला.

श्रेयनामावली निमूट सरकून गेली आणि बनियनची जाहिरात लागली. गल्लीतली कुत्री उठली. शेजारी टॉर्च घेऊन आला.

आवाज मुद्दाम काढला होता, हे मी सगळं शांत झाल्यावर समजावून सांगितलं. मोठेबाबांनी ऐकून घेतलं.

‘‘मंग तसं पाटीवर लिहाव ना,’’ ते म्हणाले. ‘‘डबा फुटला असता.’’