आधी पाणी घ्या

हल्ली सत्कारात पुष्पगुच्छ देत नाहीत, रोप देतात. पुष्पगुच्छ दुसऱ्या दिवशी सुकला तरी कुणी जाब विचारत नाही. रोप मात्र जगवावं लागतं. आमच्या सासऱ्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या एका कार्यक्रमात शाल-श्रीफळासोबत असंच एक रोप मिळालं. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या कपात बसवलेलं, गुबगुबीत पानांचं जेड. शाल कपाटात गेली, नारळ चटणीत गेला आणि जेड टीव्हीशेजारी गेलं. पाऊस लागला आणि जेडने मान टाकली. फांद्या कपाच्या कडेवरून खाली लोंबायला लागल्या.

आमच्याकडे कुणाला साधी शिंक आली तरी डॉक्टरांच्या आधी घरातली निदानं तयार असतात. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली. परवा भिशीच्या बायका आल्या होत्या, त्यातली एक सारखी 'किती गोड, किती गोड' करत होती." बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, टीव्हीवरच्या चर्चांचा संशय, त्या ऐकून कुणीही मान टाकेल, असं त्यांचं मत. कामाला येणाऱ्या मावशींनी लांबूनच "तहानलंय ते" असा निकाल देऊन टाकला. मुलाने मोबाइलवर फोटो काढला आणि जाहीर केलं की हे मुळात जेड नाहीच.

त्याचं खरं होतं. आपल्या नर्सऱ्यांत जेड म्हणून बारीक गोल पानांचं जे रोप मिळतं, ते बहुतेक वेळा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं. खरं जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा. त्याची पानं मोठी, जाड. दोघंही आफ्रिकेच्या दक्षिणेकडचे, पण एका कुळातले नव्हेत. "आणि हे तिकडे हत्ती खातात," मुलाने पुढे वाचून दाखवलं. आयुष्यभराच्या समाजकार्याचा गौरव हत्तीच्या चाऱ्याने झाला हे कळल्यावर बाबा रात्रीच्या जेवणापर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

निदान कोणतंही असो, उपचारावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: पाणी. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी तांब्याभांडं पुढे करतात, मग कोण, कुठले ते विचारतात. जेडलाही हाच न्याय मिळाला होता. सकाळी फिरून आले की बाबा फुलपात्रातलं उरलेलं पाणी कपात ओतत. पूजा झाली की सासूबाई देवाच्या स्नानाचं पाणी घालत, कारण ते कुणाच्या पायाखाली येऊ नये. मावशी तांदूळ धुतलेलं पाणी आणत, त्यात कस असतो म्हणून. मुलगा शाळेतून आला की बाटलीतलं उरलेलं रिकामं करी. ते बेसिनमध्ये ओतलं तर मी ओरडते. कुणाचंही काही चुकत नव्हतं. फक्त कपाला भोक नव्हतं.

या झाडांचा संसार काटकसरीचा असतो. पाणी पानांत साठवायचं आणि जपून वापरायचं. इतर झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात. त्यात बरंच पाणी वाफ होऊन जातं. ही मंडळी पाण्याची ओढ पडली की दिवसभर छिद्रं मिटून बसतात आणि ऊन गेल्यावर रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात त्याची साखर करतात. ही भानगड आपल्या ओळखीच्या पानफुटीने उघडकीला आणली. कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात असलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाने पानफुटीचं पान चावून पाहिलं आणि लंडनच्या लिनिअन सोसायटीला पत्र लिहिलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी जरा कडवट. १८१५ साली ते पत्र छापून आलं. असं वेळापत्रक असलेली काही माणसंही मला माहीत आहेत, पण ती घरातलीच असल्यामुळे सोसायटीला कळवता येत नाही.

तर अशा रात्रपाळीच्या प्राण्याला दिवसातून चार वेळा पाणी पाजलं की काय होतं? मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात. मुळांनाही श्वास लागतो. तो मिळाला नाही की ती गुदमरतात, बुरशी लागून सडतात. सडलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत. म्हणजे कपात तळं साचलेलं आणि झाड तहानेने व्याकूळ. मग पानं लोंबतात, ती पाहून घरच्यांच्या पोटात कालवतं आणि ते आणखी पाणी घालतात.

म्हणून लांबून निदान करू नये, पान चेपून बघावं. तहानलेलं पान सुरकुततं, पातळ आणि चिवट होतं, पण फांदीला धरून असतं. पाण्याने बिघडलेलं पान पिवळट, पारदर्शक, लिबलिबीत होतं आणि नुसता धक्का लागला तरी गळून पडतं. बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. त्याला स्पिरिटचा बोळा पुरतो. आमचा रोगी दुसऱ्या प्रकारातला निघाला. पान हाती आलं ते थेट बोटांना चिकटूनच.

रविवारी जुना पेपर पसरून शस्त्रक्रिया केली. कप उपडा केल्यावर जो वास आला, त्याने दृष्टीची थिअरी तिथल्या तिथे निकालात निघाली. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. ही काळी, ओढली की साल हातात येणारी. ती सगळी छाटली. खोडही खालून मऊ लागत होतं, म्हणून आतला डाग संपून स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत वर वर कापत गेले. कात्री दर वेळी स्पिरिटने पुसून. शेवटी वीतभर शेंडा उरला.

खरी अडचण यानंतर. कापलेला शेंडा काही दिवस कोरडाच ठेवावा लागतो. जखमेवर खपली धरली नाही तर तो पुन्हा सडतो. माती नाही, पाणी नाही, नुसता सावलीत ठेवायचा. सासूबाईंना हे बघवेना. "आजाऱ्याला कुणी असं उपाशी ठेवतं का?" मी म्हटलं, "आई, लंघन आहे." लंघन म्हटल्यावर त्या जरा नरमल्या. मग मी दाराकडे बोट दाखवलं. दृष्ट लागू नये म्हणून त्यांनीच टांगलेली कोरफड महिनोन्महिने उलटी लटकते आहे, मुळं वर करून, मातीपाण्याशिवाय. घरात सगळ्यांत टवटवीत तीच.

खपली धरल्यावर भोकाच्या मातीच्या कुंडीत शेंडा लावला. काळी माती टाळली, ती पाणी धरून बसते. थोडी लाल माती, बाकी जाड वाळू आणि विटांचा चुरा. लावल्यावरही आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. टीव्हीशेजारून बदली पूर्वेच्या गॅलरीत, कोवळ्या उन्हात. एकदम कडक उन्हात ठेवलं असतं तर पानं करपली असती.

आता पाण्याचं खातं सासूबाईंकडे आहे. उदबत्तीची जळून उरलेली काडी त्या कुंडीत खोल खुपसतात आणि बाहेर काढून निरखतात. ओलसर माती चिकटली तर पाणी नाही. मावशी तांदळाचं पाणी घेऊन आल्या की त्यांना तुळशीकडे पाठवलं जातं, बाबांना कडीपत्त्याकडे. शेंड्याला दोन नवी पानं फुटली आहेत.

तुमच्या घरच्या जेडने मान टाकली असेल तर आधी पान चेपा. सुरकुतलेलं असेल तर खुशाल पाणी द्या, खालच्या भोकातून वाहेपर्यंत. काही दिवसांत ते ताठ होईल. लिबलिबीत लागलं तर कुंडी उपडी करून मुळं बघा. आणि काहीच कळत नसेल तर कृपा करून हातातला तांब्या खाली ठेवा, कारण तहानलेलं जेड बहुधा सावरतं, बुडालेलं सावरेलच असं नाही.