चिरंजीवांनी स्टेशन काढलंय

ग्योपिंगन, जर्मनी
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,


इकडे सर्व क्षेम. ईशानचा खोकला गेला, थंडी काही जायला तयार नाही. परवा फोनवर बाबांनी "स्टेशनाचं कुठवर आलं?" असं विचारलं आणि तुमच्या चिरंजीवांनी "चालू आहे" म्हणून फोन माझ्या हातात कोंबला. हे कायम शेजारच्या खोलीत कान देऊन बसलेले असतात, त्यामुळे खरा प्रकार फोनवर सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.

छोट्या रेल्वेच्या या स्टेशनासाठी हॉलमध्ये २.४ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद प्लायवुड घोड्यांवर टाकलंय. जेवणाचं टेबल त्यासाठी बाल्कनीत गेलं आणि आम्ही सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवतो. यात थोडा दोष बाबांचाही आहे. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ना, १९९८ साली सुरू झालेलं, तिथे ईशानला घेऊन तुम्हीच गेला होतात. नातू तासाभरात कंटाळून आइस्क्रीमला आला. त्याचे वडील आत राहिले ते, माझ्या मते, अजून बाहेर आलेले नाहीत. त्यात आम्ही येऊन पडलो मेर्क्लिन या खेळण्यांच्या कंपनीच्या गावात. १८५९ पासून इथे खेळणी बनताहेत. इथल्या माणसाला घरात आगगाडी नाही असं सांगितलं, तर तो "काही अडचण आहे का?" अशा नजरेने बघतो.

ईशानला वाढदिवसाला मेर्क्लिनचा सी-ट्रॅक मिळाला. हा १९९६ साली बाजारात आला. रूळ, स्लीपर आणि खालची प्लॅस्टिकची खडीसुद्धा, सगळं एकसंध. टोकाला टोक लावलं की 'टक' वाजतं. गालिच्यावर पाच मिनिटांत गोल पूर्ण, गाडी सुरू, पोरगं खूश. मला विचाराल तर इथेच थांबायला हवं होतं.

पण चिरंजीवांना स्टेशन हवं. स्टेशन म्हणजे चार लायनी शेजारीशेजारी, आणि सी-ट्रॅकच्या चार लायनी मांडल्या की प्रत्येकीला आपापला भराव आणि दोन भरावांच्या मध्ये चर. पावसाळ्यात भाताची खाचरं दिसावीत तसं झालं ते. "असं यार्ड असतं का कुठे?" म्हणून मला उभं करून शिकवणी झाली. मेन लाईन स्टेशनाबाहेर भरावावरून धावते, पण यार्डात सगळ्या लायनी एका पातळीत, मधली जमीन सपाट, स्लीपर खडीत गळ्यापर्यंत बुडालेले, वर तेल आणि राख. बाबा, तुमची उभी हयात पी-वेत, म्हणजे रुळांच्या देखभालीत, गेली, तुम्हाला हे मी काय सांगणार! मी नुसती मान डोलावत होते. पण एक झालं, तेव्हापासून मलाही ते चर दिसायला लागलेत. परवा उल्मला जाताना मी खिडकीतून फक्त रुळांच्या मधली जमीन बघत होते.

म्हणून सुटे रूळ आणि खाली वेगळं अंथरूण, असं ठरलं. तेही दोन रुळांचं. मेर्क्लिनच्या मार्गात दोन रुळांच्या मध्ये बारीक खिळ्यांची रांग असते. वीज त्या खिळ्यांतून येते आणि दोन्ही रुळांतून परत जाते. चिरंजीव म्हणाले, "बाबांच्या लायनीत मध्ये खिळे नव्हते." विषय संपला. आता ईशानचं इंजिन स्टेशनात येऊ शकत नाही, कारण त्याची डावी-उजवी चाकं विजेच्या दृष्टीने एकच, दोन रुळांवर ठेवलं की शॉर्टसर्किट. रुळांची रुंदी तीच, १६.५ मिलिमीटर. प्रमाण तेच, १:८७. बाकी सगळं जुळलं आणि नाडी आडवी आली! ईशान दोन दिवस बापाशी बोलला नाही. मग त्याला सिग्नलमन केलं, शिट्टी दिली, आणि आता मी त्या दोघांशी बोलत नाही.

रूळ निवडताना मात्र तुमची आठवण निघाली, आणि तीही हिशेबासकट. इथे स्वस्तातला जुन्या पद्धतीचा रूळ अडीच मिलिमीटर उंच असतो. त्याला ८७ने गुणलं की २१७ मिलिमीटर. तुमचा ६० किलोवाला रूळ १७२चा, म्हणजे आमच्या मापात साधारण २ मिलिमीटर. ५२ किलोवाला १५६चा, म्हणजे १.८. म्हणून मेन लाईनला २.१चा रूळ घेतला आणि मालधक्क्याच्या सायडिंगला १.९चा. "मेनला साठ, लुपला बावन्न, बाबा हेच सांगायचे," असं दुकानदाराला चक्क मराठीत सांगून झालं. तो बिचारा हो म्हणाला. अर्ध्या मिलिमीटरपायी काय फरक पडतो, असं मीही आधी म्हणाले होते. डोळा रुळाच्या पातळीला आणून बघितलं तर जाड रुळावरची गाडी खेळणं वाटते आणि बारीक रुळावरची गाडी वाटते. हे त्यांच्यासमोर मान्य केलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

खरं महाभारत झालं रुळांखालच्या अंथरुणावरून, म्हणजे कॉर्कवरून. बेत असा होता की मेन लाईनखाली चार मिलिमीटरचा कॉर्क, सायडिंगखाली दोनचा, म्हणजे सायडिंग खऱ्यासारखी किंचित खाली दिसेल. मग त्यांना तुमचा नियम आठवला, यार्डात १:४००पेक्षा जास्त उतार नाही. गंमत म्हणजे जर्मनांचाही नेमका तोच आकडा आहे, हजाराला अडीच. पण त्या हिशेबाने दोन मिलिमीटर उतरायला ८० सेंटिमीटर लागतात. आमचं अख्खं स्टेशन २.४ मीटरचं! सांधे उताराच्या मोडणीवर बसवायचे नाहीत, नाहीतर गाडीचं चाक उचललं जातं, म्हणजे तीही जागा गेली. नियम मोडून पन्नासाला एक असा उतार केला, तर डबा सोडला की आपसूक चालायला लागायचा. मालधक्क्यावरून निघून, सांधा ओलांडून, थेट ईशानच्या मांडीवर. त्याने दर वेळी शिट्टी मारली.

मी म्हटलं, जाऊ द्या, श्टुटगार्टला तर एवढं मोठं नवं स्टेशन उतारावर बांधताहेत. बाबा, थट्टा नाही. जमिनीखालच्या त्या स्टेशनात फलाटाच्या लायनींना हजाराला पंधरा, म्हणजे जवळजवळ १:६६ उतार आहे, आणि त्यावरून इथे वर्षानुवर्षं वाद चाललेत. काम २०१० साली सुरू झालं. चिरंजीवांना मी उशिराबद्दल काही बोलले की ते खिडकीतून पश्चिमेकडे, श्टुटगार्टच्या दिशेला, नुसतं बोट दाखवतात.

अखेर तोडगा निघाला तो असा. पूर्ण स्टेशनाखाली चार मिलिमीटरच्या कॉर्कचा एकच सलग तक्ता, चारही लायनी त्यावर एका पातळीत. भरावाचा उतार द्यायचा तो फक्त तक्त्याच्या बाहेरच्या कडेला. शेवटच्या सांध्याच्या पलीकडे मेन लाईन अरुंद पट्टीवर जाते, तिथे खालची जमीन खोल केली की भराव आपोआप दिसतो. सायडिंग खाली न नेता तिची खडीच बारीक आणि काळपट घातली, डोळ्याला ती खालीच वाटते. फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजायची असते, त्यामुळे कॉर्क ठरेपर्यंत फलाट अडला होता, तोही सुटला. इथल्या ५५ सेंटिमीटरच्या फलाटाचे होतात ६.३ मिलिमीटर. एवढं साधं उत्तर निघायला दसरा ते नाताळ गेला.

कॉर्क घराच्या लाकडी जमिनीखाली घालायचा येतो, तोच. पण तो दहा मीटरच्या गुंडाळीत मिळतो. उरलेल्यातून मी कुकरखालच्या चकत्या, ईशानच्या शाळेचा सूचनाफलक आणि चपलांचे तळवे केले.

आता आवाजाचं. इथे रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी जिन्यात कुजबुज होते. रूळ सरळ प्लायवर ठोकले की तो प्लाय घुमतो, म्हणून कॉर्क. तो घातल्यावर गाडी मांजरासारखी जायला लागली आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मग खडी घातली. पांढरा फेविकॉलसारखा गोंद पाण्यात पातळ करायचा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे तो खडीवर मण्यासारखा न राहता आत उतरतो. ईशानच्या औषधाच्या ड्रॉपरने दोन स्लीपरच्या मधल्या एकेका खाचेत असं सिंचन तीन संध्याकाळी चाललं. सकाळी वाळून दगड झाला आणि गाडी सोडली तर आवाज पहिल्यापेक्षा मोठा! कडक झालेली खडी कॉर्कच्या कडेवरून खाली प्लायपर्यंत पोचली होती, आवाजाला तीच वाट मिळाली. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. मी चहा टाकला, म्हटलं आता तक्रार. त्यांनी वाकून घोड्यांचे पाय पाहिले, न बोलता खाली गेल्या आणि खुर्च्यांच्या पायांना लावतात त्या फेल्टच्या चकत्या घेऊन आल्या. स्वतः गुडघ्यावर बसून लावल्या. चिरंजीवांनी पुढची खडी रबरासारख्या वाळणाऱ्या गोंदाने बसवली आणि कॉर्कच्या कडेशी बोटभर जागा सोडली. आता आजी दर बुधवारी गाडी बघायला येतात आणि ती वेळेत नसल्याबद्दल सगळ्यांना बोलतात.

बाबा, तुम्ही पूर्ण कुर्डुवाडी स्टेशनच करा म्हणालात, पण आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तिला १९.३चा मार्ग लागेल आणि तो तयार मिळत नाही. मात्र तिथली नॅरोगेज बार्शी लाईट जमते! तिची रुंदी होती ७६२, म्हणजे आमच्याकडे पावणेनऊ, आणि इथे जर्मन नॅरोगेजसाठी नऊ मिलिमीटरचा मार्ग दुकानात पडलेला असतो. १८९७ साली निघालेली तुमची गाडी कॅल्थ्रॉपसाहेबाने जणू आमच्या प्लायसाठीच आखली होती. तेव्हा स्टेशन इथलं, श्वाबियातलं, पण मागच्या बाजूला बार्शी लाईटचा एक फलाट. इथे लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. नॅरोगेजची लाईन फलाटाच्या कुठल्या अंगाला होती आणि तिच्याखाली खडी होती की नुसती माती, हे तेवढं कळवा. जुना फोटो असला तर उत्तम.

आईंच्या गुडघ्याला आराम पडला का? लिंबाचं लोणचं पोचलं, बरणी अर्धी संपली.

आपली,
मेधा

ता. क. बाबा, कुर्डुवाडीच्या यार्डातली खरी खडी चाळून पाठवायचा विचार कृपा करून सोडून द्या. आपल्या काळ्या पाषाणात लोहचुंबकाला चिकटणारं खनिज असतं. त्याचा चुरा इंजिनाच्या मोटरीत ओढला गेला की इंजिन बसलं. त्याऐवजी येताना मेतकूट आणा. मागच्या वेळच्या मेतकुटाला चिरंजीवांनी चुंबक लावून पाहिलंय, चिकटत नाही.