रात्री अकरा एकोणसाठ

एडिसनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी सकाळी कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत, कानात इअरफोन घालून मान डोलावणारा चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ दिसला, तर तो गाणी ऐकतोय असं समजू नका. तो अल्गोरिदमचं लेक्चर ऐकतोय, तेही दीडपट वेगानं. या वेगाची त्याला इतकी सवय झालेली असते, की बायको 'अरे, टोमॅटो…' एवढंच म्हणते तोवर त्याच्या चेहऱ्यावर 'कळलं, पुढं बोल' असा भाव येतो.

हा एच-वन व्हिसावरचा पार्टटाइम एमएसवाला. पुण्या-नागपुराकडून बीई करून, कंपनीच्या प्रोजेक्टवर 'दोन वर्षांसाठी' म्हणून आलेला. दोनाची किती झाली, हे विचारू नये. एच-वनवर नोकरी सांभाळून शिकायला आडकाठी नाही, वेगळा विद्यार्थी व्हिसाही लागत नाही, हा शोध त्याला कुठल्याशा पॉटलकमध्ये पुलावाच्या रांगेत लागतो. आणि त्याच रांगेत त्याला तो जुना प्रश्नही भेटलेला असतो: "तू इथं एमएसला आलास, की कंपनीतून?"

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत ही जात कुणी उघड मानत नाही, पण पाळतात सगळे. एमएसला आलेले म्हणजे चौघांत एक गादी पसरून, मॅगीवर दिवस काढून वर आलेले. कंपनीतून आलेले म्हणजे आयते विमानात बसवलेले. खुद्द सरकारही भेद करतं. एच-वनच्या सोडतीत सर्वांसाठी ६५,००० जागा आणि अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांना वर २०,००० वेगळ्या. आपला नंबर कधीच लागून गेलाय, या जागांशी आपला काही संबंध नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी ते २०,००० त्याला सलतात.

मग हिशेब सुरू होतो. कंपनी फीपोटी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त देऊ शकते. जॉर्जिया टेकनं २०१४ साली संगणकशास्त्राचं ऑनलाइन एमएस सुरू केलं, त्याची सगळी फी सात हजार डॉलरच्या आसपास ठरवली होती. म्हणजे आपल्या खिशातून जवळजवळ काहीच नाही! फुकट मिळतंय आणि घेतलं नाही, असं पाप त्याच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. करारात बारीक अक्षरांत असतं, की अमुक मुदतीत नोकरी सोडली तर पैसे परत करावे लागतील. तो वाचतो आणि सही करतो. व्हिसानं आधीच बांधून ठेवलेल्या माणसाला आणखी एक दोरी काय जड!

दहा विषय, मुदत सहा वर्षं. एच-वनचीही मूळ मुदत तीन अधिक तीन, सहाच. पण एच-वन पुढं ज्या ग्रीन कार्डाच्या भरवशावर लांबत राहतो, ती भारतीयांची रांग दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये चार दिवस पुढं सरकते, कधी चक्क मागं जाते. सेमिस्टर मात्र कधी मागं गेल्याचं ऐकिवात नाही. दहा विषय सुटले की पदवी हातात, असा लेखी शब्द त्याला या देशात दुसऱ्या कुणीच दिलेला नसतो. माझ्या मते तो शिकतो तो यासाठी. पगारवाढ वगैरे बायकोला सांगायची कारणं.

विद्यार्थी झाल्यावर गडी खुलतो. तीन बेडरूमच्या घराचं भाडं भरणारा हा माणूस सिनेमाच्या तिकीट खिडकीवर ओळखपत्र काढून सवलत मागतो, तेव्हा मुलगी चार पावलं मागं सरकून उभी राहते. ग्रुप प्रोजेक्टमध्ये बरोबरची पोरं पंचविशीतली. ती सगळा कोड शेवटच्या रात्री लिहितात. हा आठवडाभर आधी एक्सेल शीट पाठवतो, त्यात कामं, तारखा आणि लाल-पिवळे-हिरवे रंग. पोरं त्यावर अंगठा दाखवतात आणि झोपतात. शेवटी रात्री अकरा एकोणसाठला सबमिटचं बटण दाबायला जागा असतो तो हाच.

परीक्षा बघण्यासारखी असते. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नको, नजर पडद्यावरून हलवायची नाही. दाराला आतून कडी. बाहेर धाकटा दार बडवत 'बाबा, शी झाली' असं जाहीर करतो. नेमका त्याच वेळी बंद ठेवायला विसरलेला ऑफिसचा फोन थरथरू लागतो, प्रॉडक्शन पडलंय. आपला विद्यार्थी ध्यानस्थ. नजर हलली तर कॉपीचा संशय, फोन घेतला तर परीक्षा रद्द, न घेतला तर नोकरी. आणि नोकरी गेली तर देश सोडायला साठ दिवस. अशा अवस्थेत तो डायनॅमिक प्रोग्रामिंगचं गणित सोडवतो आणि त्याला बी मिळतो. मी त्याला मनापासून ए दिला असता.

पदवी जवळ आली की तो वकीलबाईंना विचारतो, "याचा ग्रीन कार्डाला उपयोग?" त्या सांगतात, अर्ज दाखल झाला त्या दिवशी जी पात्रता होती, तीच धरतात. पंधरा मिनिटांच्या या सल्ल्याचं बिल एका विषयाच्या फीच्या जवळपास जातं.

तरी पदवीदानाला तो सगळ्यांना घेऊन अटलांटाला जातो. सांगलीहून आई-बाबा आलेले असतात. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. काळा झगा, चौकोनी टोपी, टोपीखालून डोकावणारे पांढरे कल्ले, असा मुलगा समोरून चालत येतो. आई डोळे पुसते. बाबा फोटो होईस्तोवर गप्प राहतात, मग त्याला बाजूला घेऊन हळूच विचारतात,

"मधे कुठं नापास झाला होतास का रे? आम्हांला कळवलं नाहीस."