तिसऱ्या दंतवैद्यांस आगाऊ पत्र

माननीय डॉक्टर,



आपलं नाव मला अजून ठाऊक नाही. ते ठरायचं आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या काही नावं चर्चेत आहेत आणि त्यांतलं कुठलं आपलं निघतं ते आमच्या वहिनी ठरवतील. निवडीचे निकष आपल्याला आधीच कळलेले बरे. एका डॉक्टरांचा हात हलका आहे. एकांकडे इंजेक्शन टोचलेलं कळतसुद्धा नाही. आणखी एकांच्या दवाखान्याखाली गाडी लावायला जागा आहे. भरलेल्या दाढेची कड नीट जुळली आहे का, शेजारच्या दाताला ती पुरेशी टेकते का, की मध्ये मेथीची काडी अडकून बसते, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. गवंड्याचं काम ओळंबा लावून तपासता येतं. स्वतःच्या तोंडात उतरून दाढेची पाहणी करायची सोय अजून निघालेली नाही.

म्हणून हे पत्र. आपल्या खुर्चीत बसल्यावर माझ्या तोंडात आपला आरसा, कापसाचे बोळे आणि थुंकी ओढणारी नळी असेल. त्या अवस्थेत माणूस फक्त ‘आँ’ एवढीच बाजू मांडू शकतो.

प्रकरण खालच्या उजव्या दाढेचं आहे. तिच्यात कॉलेजच्या दिवसांपासून चांदी भरलेली होती. चांदी म्हणायची आपली रीत. तिच्यात निम्मा पारा असतो आणि उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. दिसायला काळपट, पण ऊस, चिक्की, दिवाळीतले कडक बेसनलाडू या सगळ्यांना ती पुरून उरली. पहिल्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि हळहळून म्हणाले, “अहो, पारा घेऊन हिंडताय तोंडात.” यानंतर कुणाची छाती आहे नाही म्हणायची?

पाऱ्याची काळजी खोटी नाही. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून, मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, दातांत चांदी भरणं बंद केलं. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली असंही सांगून ठेवलं आहे की आधीच बसलेली आणि सुस्थितीतली चांदी उगाच काढू नका. काढताना पाऱ्याची वाफ काही काळ जास्तच सुटते आणि तिच्याबरोबर धडधाकट दातही खरवडला जातो. आमच्या डॉक्टरांनी मला यातला पूर्वार्ध सांगितला आणि उत्तरार्धाला भूल दिली.

तसं हे भांडण आजचं नव्हे. अमेरिकेतली दंतवैद्यांची पहिली राष्ट्रीय संघटना 1840 साली निघाली आणि पुढे तिने सभासदांकडून चांदी न वापरण्याची शपथच लिहून घेतली. 1856 साली संघटना मोडली. चांदी टिकली. तेव्हा दुसऱ्याने भरलेली दाढ पाहून नाक मुरडणं ही तुमच्या व्यवसायातली दीर्घ परंपरा आहे, आणि परंपरांचा मी आदरच करतो.

माझ्या दाढेत चांदीच्या जागी दाताच्या रंगाचं कंपोझिट आलं. हा पदार्थ दिसायला देखणा आणि स्वभावाने मानी. 1955 साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिलं की दाताच्या कवचावर आम्ल लावून ते जरा खरबरीत केलं की राळ त्याला घट्ट धरते. आजचं सगळं कंपोझिट त्याच युक्तीवर उभं आहे. पण लाळेचा एक ओघळ आला की पकड सुटते. थर साधारण दोन मिलिमीटरचा, प्रत्येक थरावर निळा दिवा, तोही नीट टेकवून, हवी तितकी सेकंदं. लाळ दूर ठेवायला रबराचा पडदा असतो. तो न्यूयॉर्कच्या बार्नम नावाच्या दंतवैद्याने 1864 साली वापरात आणला. माझ्या वाट्याला कापसाचे दोन बोळे आले. निळा दिवा मदतनीस मुलीच्या हातात होता आणि तिचं अर्धं लक्ष बाहेर वाजणाऱ्या फोनकडे. त्या फिलिंगचं आयुष्य किती, हे बहुधा फोन कुणाचा होता यावरून ठरलं असावं.

शेवटी निळा कागद चावायला देऊन डॉक्टरांनी विचारलं, “उंच वाटतंय का?” डॉक्टर, हा प्रश्न भूल दिलेल्या जबड्याला विचारण्यात काय मतलब आहे, हे आपण एकदा सांगाच. अर्धा ओठ कुठे आहे याचाच पत्ता नव्हता. मी “ठीक आहे” म्हटलं. त्या दोन शब्दांवर काम मंजूर झालं. भूल उतरली तेव्हा दवाखाना बंद झाला होता आणि जीभ लेखापरीक्षणाला बसली होती. जिभेला राईएवढा उंचवटा पर्वताएवढा लागतो, हे मान्य. पण गार पाण्याने येणारी कळ ही काही जिभेची कल्पना नव्हती.

दुसऱ्या डॉक्टरांनी आत पाहिलं, क्षणभर थांबले आणि तुम्हा सर्वांचा तो सुप्रसिद्ध प्रश्न विचारला: “हे कुठे केलंत?” सूर असा, की मी गुन्हा कबूल करावा. मग आरव्हीजी, म्हणजे संगणकावरचा एक्स-रे, काढला. पडद्यावर माझी दाढ टीव्हीएवढी झाली आणि फिलिंगच्या खाली एक काळसर रेघ दिसली. “सावली आहे,” ते म्हणाले. उपाय असा: फिलिंग काढायचं, कॅप घालायची, कॅप झिरकोनियाची असलेली बरी, आणि पुढेमागे रूट कॅनल लागलंच तर तेही बघू.

मी घरी येऊन वाचत बसलो. पेशंटने वाचू नये असं तुम्हाला वाटतं ते मला ठाऊक आहे. सावली नवी कीड असू शकते. ती फिलिंगखाली साचलेल्या चिकटद्रव्याचा थरही असू शकते, कारण तो एक्स-रेत काळाच दिसतो. आणि कधीकधी तिथे काहीच नसतं: पांढऱ्याशुभ्र भागाशेजारचा करडा भाग डोळ्याला आहे त्याहून काळा भासतो. हा भास पदार्थवैज्ञानिक एर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. म्हणजे माझ्या दाढेत कीड असेल, गोंद असेल किंवा पदार्थविज्ञान असेल. तिघांवर उपाय एकच, कॅप.

विल्यम एकेनबार्गर नावाच्या पत्रकाराची गोष्ट आपण ऐकली असेल. 1997 साली रीडर्स डायजेस्टसाठी ते आपलं एकच तोंड घेऊन अमेरिकेतल्या 28 राज्यांतल्या 50 दंतवैद्यांकडे गेले. खर्चाचे अंदाज 500 डॉलरच्या आतबाहेर सुरू होऊन जवळजवळ 30,000 डॉलरपर्यंत गेले. एकाच तोंडात इतकी माया दडलेली असते, हे त्या बिचाऱ्याला तोवर माहीत नसावं.

काहीजण सांगतात, सरकारी दंत महाविद्यालयात जा. तिथे विद्यार्थी दाढ कोरतो आणि भरण्याआधी सरांना दाखवतो. सर आरसा घालून बघतात आणि नापसंत असेल तर पुन्हा करायला लावतात. दुसरं मत तिथे दाढ भरण्याआधीच मिळतं, तेही जवळपास फुकट. पण सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि अर्धा दिवस जातो, म्हणून आम्ही सुशिक्षित लोक तिथे जात नाही.

आता आपल्याकडून अपेक्षा. “हे कुठे केलंत?” हे विचारू नका, मी सांगणार नाही. जुने एक्स-रे घेऊन येतो, ते शेजारी ठेवून सावली वाढली आहे का ते बघा. कडेला नुसता चहाचा डाग असेल तर तो डागच आहे असं म्हणा. कड खडबडीत असेल तर घासून घ्या, कोपरा उडाला असेल तर तेवढाच भरा. पूर्ण फिलिंग उकरलं की दर खेपेला खड्डा मोठा होतो आणि दात लहान, हे मी तुम्हाला शिकवावं असं नाही. खरीच कीड असेल तर पडद्यावर बोट ठेवून दाखवा, मी मुकाट्याने तोंड उघडीन.

आणि काहीच करायला नको असं दिसलं तर? इथेच तुमची पंचाईत आहे, आणि ती आम्हीच करून ठेवली आहे. तपासणीच्या तीनशे रुपयांवर आम्ही घासाघीस करतो, आणि कॅपच्या हजारोंचे हप्ते बांधून घेतो. नुसतं बघून “राहू द्या, सहा महिन्यांनी या” म्हणणारा डॉक्टर आमच्या ग्रुपवर “काही केलंच नाही हो त्यांनी” म्हणून बाद होतो. अशा बाजारात फिलिंगला हात न लावणं डॉक्टरांना परवडणार कसं?

तेव्हा कृपा करून दरपत्रकात एक ओळ वाढवा: ‘काही करण्याची गरज नाही, असे सांगण्याचे शुल्क.’ रक्कम आपण ठरवा. कॅपच्या निम्मी लावलीत तरी मी रोख देईन, पावतीही मागेन. शनिवारी संध्याकाळची वेळ मिळाली तर बरं होईल.

कळावे,

आपला होऊ घातलेला पेशंट