मजुरांच्या टपरीवर हुजूर पक्ष

इंग्लंडातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपल्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांनी झकास नाव ठेवलं होतं: हुजूर पक्ष. समोरचा लेबर, म्हणजे मजूर पक्ष. यमक इतकं फक्कड जुळलं की दोन पिढ्या मराठी वाचकांना वाटत राहिलं, त्या देशात दोनच प्रकारची माणसं राहतात, हुकूम सोडणारी आणि हुकूम झेलणारी. आमच्या जालना एमआयडीसीत ही विभागणी पेपरात वाचावी लागत नाही. ज्याची गाडी थेट गेटाच्या आत जाते तो हुजूर. ज्याला डबा उघडून दाखवावा लागतो तो मजूर. आणि गेटाबाहेरच्या टपरीवर अर्ध्या चहात राज्याचं सरकार बसवतो आणि उरलेल्या अर्ध्यात पाडतो, तो विश्लेषक. मी या तिसऱ्या वर्गातला आहे. पगार नाही, पण मान आहे.

2024 च्या नोव्हेंबरात हा मानही गेला.

त्याचं असं झालं. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा आमच्या टपरीनं आकाश ठेंगणं करून सोडलं होतं. रावसाहेब दानवे 1999 पासून सलग पाच वेळा खासदार. 2009 साली त्यांनी कल्याण काळेंना जेमतेम आठ हजारांनी हरवलं होतं. त्याच काळेंनी पंधरा वर्षांनी दानवेंना लाखाहून जास्त मतांनी पाडलं. राज्यात 48 पैकी 30 जागा आघाडीला, 17 महायुतीला. शिवाय मराठा आरक्षण आंदोलनाचं अंतरवाली सराटी आमच्याच जिल्ह्यात. सगळ्या देशाचे कॅमेरे तिथं येऊन गेलेले, त्यामुळे राज्याची नाडी आपल्याच मनगटात आहे असं आम्हाला वाटायला लागलं होतं. विधानसभेचा निकाल आम्ही ऑगस्टातच लावून टाकला. मतदान तेवढं व्हायचं राहिलं होतं.

एका रोलिंग मिलचे सुपरवायझर, नाव लिहीत नाही, माणूस भला आहे, त्यांनी तर जाहीर केलं, "महायुती आली तर मी मिशी उतरवीन." ही मिशी साधी नव्हे. तिच्या जोरावर त्यांनी वीस वर्षं रात्रपाळी चालवली आहे.

23 नोव्हेंबर, शनिवार. सकाळी नऊपर्यंत टपरीवर आवाज होता. दहाला चमच्यांचा आवाज ऐकू यायला लागला. दुपारपर्यंत चित्र उघडं पडलं: 288 पैकी 230 जागा महायुतीला. एकट्या भाजपला 132. समोर एकाही पक्षाला 29 चा आकडा गाठता आला नाही, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदावर कुणाचा सरळ हक्कही उरला नाही. एक्झिट पोलवाल्यांतल्या बऱ्याच जणांनी महायुती येईल असं म्हटलं होतं खरं, पण सगळ्यात उदार माणसाचा हात दोनशेवर थांबला होता. जालना जिल्ह्यात पाचपैकी पाच. घनसावंगीत 1999 पासूनचे आमदार राजेश टोपे 2,309 मतांनी गेले.

सोमवारी सुपरवायझर साहेब तोंडाला मफलर गुंडाळून आले. थंडी म्हणाले. भट्टीपासून वीस पावलांवर थंडी!

मला त्यांचा राग आला नाही, कारण मला विलायतेतले पॅडी ॲशडाऊन आठवले. 7 मे 2015 ची रात्र. ब्रिटनमधल्या मतचाचण्या महिनाभर हुजूर आणि मजूर यांना बरोबरीत दाखवत होत्या. कुणालाच बहुमत नाही, खिचडी सरकार येणार, हे तिकडच्या टपऱ्यांवर पक्कं झालं होतं. रात्री दहाला एक्झिट पोल आला: हुजूर 316, आणि ॲशडाऊन यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला 57 वरून फक्त 10. म्हातारबाबा भर टीव्हीवर म्हणाले, हे खरं निघालं तर मी माझी टोपी खाईन. ते खरं निघालं नाहीच. हुजूर 331 वर गेले आणि ॲशडाऊन यांचा पक्ष 8 वर आला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांनी त्यांच्यापुढे टोपीच्या आकाराचं गोडधोड आणून ठेवलं. इंग्रजाची हीच तर सोय आहे, नामुष्की झाली तरी ती साखरेची करून घेतात. आमच्या सुपरवायझरांना साखरेची मिशी कुणी आणून दिली नाही.

मजूर पक्षाचे एड मिलिबँड यांनी तर साडेआठ फुटांच्या दगडावर आपली सहा आश्वासनं कोरून घेतली होती. निकाल लागल्यावर तो दगड कुठं गेला हे शोधत पत्रकार लंडनभर हिंडले. आमच्याकडे उलटं असतं, कोनशिला जागच्या जागी राहते आणि शोधायचा असतो तो प्रकल्प.

माझा भाचा तेव्हा मँचेस्टरला नोकरीत होता. त्याचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. "मामा, अख्ख्या ऑफिसात एकानंही हुजूर पक्षाला मत दिलेलं नाही. फेसबुकवर एक माणूस सापडत नाही. मग ही मतं आली कुठून?" (त्याचं स्वतःचं मत होतं बरं का. तिथं राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या संसदेसाठी मत देता येतं. इकडे आमच्या मिलमधला सिवानचा पोरगा सहा वर्षं जालन्याची सळई ओढतोय, त्याचं मत मात्र गावाच्या यादीत. म्हणून निवडणुकीचं सगळ्यात परखड विश्लेषण तोच करतो. गमावण्यासारखं काही नसलं की माणूस मोकळं बोलतो.) भाच्याला मी तेव्हा मोठा समंजस सल्ला दिला होता, की बाबा, आपल्यासारखीच माणसं आजूबाजूला जमवली की देशभर आपणच आहोत असं वाटतं. नऊ वर्षांनी तोच प्रश्न मी त्याला फोनवर विचारला. त्यानं सल्ला शब्दशः परत केला. व्याज लावलं नाही एवढंच.

ब्रिटनमध्ये पुढे या चुकलेल्या मतचाचण्यांवर चौकशी समिती बसली. प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस अध्यक्ष. मुख्य निष्कर्ष सरळ होता: चाचणीवाल्यांच्या नमुन्यातच मजूरवाले जास्त भरले होते. शेवटच्या क्षणी लोक फिरले, लाजऱ्या मतदारांनी खोटं सांगितलं, असल्या कारणांत समितीला फारसा दम दिसला नाही. मराठीत सांगायचं तर साहेब चुकीच्या टपरीवर चहा प्यायले.

हा अहवाल आमच्या भट्टीवरच्या मेल्टरला मी समजावून सांगितला, तर तो हसलाच. म्हणाला, "येवढ्यासाठी समिती बसवली काहून?" मग त्यानं मला नमुना काढायची रीत सांगितली. भट्टीत भंगार वितळलं की वर मळी तरंगते, स्लॅग. ती सगळ्यात जास्त चमकते, तडतडते, नवख्याला वाटतं हेच लोखंड. ती आधी बाजूला सारायची, रस ढवळू द्यायचा, मग खालून पळी भरून लॅबला पाठवायची. कार्बन किती, मँगनीज किती, गंधक किती, ते तिथं कळतं. वरूनच पळी मारली तर अख्खी हीट वाया जायची. "आता सांगा," तो म्हणाला, "तुमच्या टपरीवर खाली कोण बसतं?"

मी उत्तर टाळलं. कारण आठवलं, टपरीवर खाली मामी बसतात. टपरीवाले मामा काउंटरला, आणि मामी मागे, स्टोव्हपाशी, पाटावर. भज्यांचं पीठ, उधारीची वही आणि गॅसचा हिशेब त्यांच्याकडे. चार महिने आम्ही रोज त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून राज्य पाडत होतो. पुण्याहून सर्व्हेवाला पोरगा टॅबलेट घेऊन आला होता. त्यानं मामांना अठरा प्रश्न विचारले, मला अठरा विचारले, आणि मामींना एक विचारला: "मावशी, पाणी आहे का?"

निकालानंतर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "मामी, तुम्ही कुणाला दिलं?" मामींनी झारा निथळला. म्हणाल्या, "जुलैपासून धरा. लाडक्या बहिणीचे पाच हप्ते, साडेसात हजार. दिवाळीच्या आधीच जमा. माझ्या नावावर, माझ्या खात्यात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्यांनी पंधराशे हातावर ठेवून 'कशाला खर्च केले' असं विचारलं नाही, असा महिना मला आठवत नाही."

टपरीवर कुणी बोललं नाही. मामांनी रेडिओ लावला.

पुढचे पंधरा दिवस मात्र खूप बोललं गेलं. हरलेल्या बाजूनं यंत्रावर बोट ठेवलं. संध्याकाळी पाचला मतदान 58 टक्के होतं ते 66 कसं झालं, हा प्रश्न विचारायला हवाच होता, आयोगानं त्याचं उत्तर नीट द्यायलाही हवं होतं. तिकडे माळशिरस तालुक्यात मारकडवाडीच्या लोकांनी कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि ते थांबवायला पोलीस पोचले. पण आमच्या टपरीवरचा यंत्रतज्ज्ञ जूनमध्ये काळे निवडून आले तेव्हा त्याच यंत्राला पेढा दाखवत होता. जिंकलेल्या बाजूची गंमत वेगळीच. आमच्या इथला फ्लेक्सवाला सांगतो, महायुतीच्या पोरांनी अभिनंदनाची ऑर्डर आधी दिली होती ती सहा बाय चारची. निकालाच्या दुपारी फोन आला, वीस बाय दहा करा. "प्रचंड बहुमताने" हे शब्द त्यानं दोन्ही बाजूंसाठी आधीच छापून ठेवले होते, फोटोची जागा तेवढी मोकळी होती. या शहरात अचूक अंदाज असलेला हा एकच माणूस.

आणि खरं सांगू? जालना शहरापुरतं तर आश्चर्य वाटायचं काहीच कारण नव्हतं. 1999 ला कैलास गोरंट्याल, 2004 ला अर्जुन खोतकर, 2009 ला गोरंट्याल, 2014 ला खोतकर (अवघ्या 296 मतांनी), 2019 ला गोरंट्याल. आता 2024 ला कोण, हे सांगायला मतचाचणी लागते का? पहिलीतल्या पोरालाही सम-विषम कळतं. पंचवीस वर्षं शहर शिफ्ट बदलावी तसा आमदार बदलतंय, आणि दर वेळी आम्ही भोंगा ऐकून दचकतो. 2025 साली गोरंट्यालही भाजपमध्ये गेले, त्यामुळे पुढची पाळी कुणाची हे आता भोंग्यालाच ठाऊक.

सरकार यायला निकालानंतर बारा दिवस लागले, फडणवीसांचा शपथविधी 5 डिसेंबरला झाला. प्रचारात पंधराशेचे एकवीसशे करू म्हटलं होतं. हे लिहीत असताना पंधराशेच आहेत. उलट छाननी सुरू झाली, आणि 2025 च्या सप्टेंबरात बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःचं आधार, शिवाय नवऱ्याचं किंवा वडिलांचं.

मामी परवा सेवा केंद्रावर दोन तास रांगेत उभ्या राहून परत आल्या. काम झालं नाही. ओटीपी मामांच्या फोनवर गेला होता, आणि मामा टपरीवर आम्हाला पुढच्या निवडणुकीचा निकाल समजावून सांगत होते.