टिंग झालं की आजी हलते

ब्रॅम्प्टन, कॅनडा
18 जानेवारी

ती. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

दर रविवारी तुमच्याकडे रात्री आठला, म्हणजे आमच्या सकाळी साडेनऊला, बोलता बोलता तुमचे चिरंजीव तोंड उघडं ठेवून थिजतात, म्हणून तुम्ही काळजीनं विचारलंत. त्यांची तब्येत ठणठणीत आहे. बिघाड कॉम्प्युटरमध्ये होता, आणि थोडा माझ्यात. ते पुढे येईलच. फोनवर सांगायला गेलं की हे मागे उभं राहून माझं वाक्य दुरुस्त करतात, म्हणून पत्र.

तळघरातलं ते जुनं कॉम्प्युटरचं धूड तुम्हाला आठवत असेल. मागच्या खेपेला त्याच्या गरम हवेसमोर तुम्ही सांडगे ठेवले होते. दिवाळीनंतर त्यानं रोज सकाळी 1 जानेवारी 2009 पासून आयुष्य सुरू करायचा हट्ट धरला. एक साइट उघडेना. ह्यांनी व्हायरस म्हणून जाहीर केलं आणि दोन रात्री जागले. निघालं काय, तर वीज बंद असताना आतलं घड्याळ चालवणारी रुपयाएवढी सेल मेली होती. सीआर 2032, तीन व्होल्टची. हल्ली प्रत्येक साइट आपला दाखला दाखवते, त्यावर मुदत लिहिलेली असते. 2009 मध्ये बसलेल्या यंत्राला यंदाचा दाखला म्हणजे न जन्मलेल्या मुलाचं रेशनकार्ड. ते दार लावून घेणारच. तशीच सेल आमच्या वजनकाट्यात होती, ती मी काढून दिली. गुळाच्या पोळ्यांच्या दिवसांत काटा बंद असलेलाच बरा.

सेल बसवताना ह्यांचा हात कुठे लागला देव जाणे, यंत्र सुरूच होईना. नुसतं पीं पीं. मग रॅमच्या पट्ट्या उपटल्या आणि मिहीरच्या दप्तरातल्या नटराज खोडरबरानं त्यांचे पिवळे दात घासले. इथे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. तशी एक बोटातून पट्टीत शिरली तर पट्टी गेली. म्हणून हे तळघरात स्वेटरशिवाय, एक हात पत्र्याच्या डब्याला टेकवून, कुडकुडत घासत होते. दात चमकले, पीं पीं थांबलं. सर्दी मात्र अजून आहे.

एकदा कटकट ऐकून ह्यांनी डब्याला चापट मारली, बाबा रेडिओला मारायचे तशी. मी ओरडलेच! आत हार्ड डिस्क मिनिटाला 7200 फेऱ्या घेत असते आणि वाचणारी सुई तबकडीला न टेकता केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. मिहीरच्या मुंजीचे सगळे फोटो तिच्यावर. आधी ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले, मगच ह्यांना जेवायला वाढलं.

एवढं होऊनही रविवारी हे थिजतच राहिले. राउटर बदलला, जिन्याखालून पहिल्या मजल्यावर नेला, इंटरनेटवाल्या कंपनीच्या मुलाला फोनवर पाऊण तास झापलं. शेवटी मिहीर म्हणाला, "बाबा, किचनमध्ये टिंग झालं की आजी हलायला लागते."

आई, साडेनऊला मी त्याचं दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवते. मायक्रोवेव्हच्या लहरी 2.45 गिगाहर्ट्झच्या, आणि ह्या धुडाला लावलेली वायफायची कांडी जुनी, तिला 2.4 चाच पट्टा कळतो. दारातून निसटणारा अंश माणसाला काही करत नाही, पण ती कांडी तेवढ्यानंच बहिरी होते. दोन मिनिटं दूध, दोन मिनिटं पुतळा. तीन आठवडे राउटरला शिव्या बसल्या आणि गुन्हेगार मी!

ह्यांनी आता जिन्याच्या कडेनं केबल ओढली आहे. टोकाचा प्लग स्वतः बसवला, त्यामुळे आठांतल्या चारच तारा धड लागल्यात आणि हजाराच्या ठिकाणी शंभरचाच वेग मिळतो. तुम्हाला हलताना बघायला तेवढा पुरतो. मी त्यांना तसं सांगितलेलं नाही. ते अजून पक्कड घेऊन जिन्यात बसलेत.

दूध मी गॅसवर तापवते आहे. शेजारच्या काकू फेब्रुवारीत येताहेत, त्यांच्याबरोबर मेतकूट आणि नटराजचे चार खोडरबर पाठवा. बाबांना नमस्कार.

आपली,
सून